गाव सोडले म्हणून हक्क सुटत नाही

(गोंडपिपरी येथे बौद्ध कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चंद्रपुराहून निघालेली एस. टी. बल्लारपूर, कोठारी करीत तुमच्या या गोंडपिपरीस येते आणि पुढे आष्टीजवळ वैनगंगा ओलांडून आलापल्लीच्या रानात शिरते. या रस्त्याने बांबू आला, सागवान आला, तेंदूपाने आली. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत याच रस्त्याने माणसेही आली. कोणी डोक्यावर बोचके घेऊन आले, कोणी नेसत्या वस्त्रानिशी आले. त्यांना आपण काय म्हणालो? 'कामधंद्याला आलेले' म्हणालो आणि मोकळे झालो. ती माणसे कामधंद्याला आली नव्हती. बंदुकीच्या धाकाने त्यांनी घरदार सोडले होते. परंतु तसे सांगण्याची त्यांना भीती वाटत होती आणि विचारण्याची आपल्याला सवड नव्हती. आज मी जे बोलणार आहे ते या माणसांच्या हक्कांविषयी. मी वकील आहे. त्यामुळे दुःखाचे वर्णन करण्यापेक्षा कायद्याचे पान उघडून दाखविणे मला अधिक बरे जमते.

मागचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९८० साली आंध्रातून गोदावरी व प्राणहिता ओलांडून नक्षलवाद्यांची पहिली पथके सिरोंचा भागात आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पेद्दी शंकर हा त्यांचा तरुण कार्यकर्ता मोयाबिनपेठा येथे पोलिसांच्या गोळीने मरण पावला. त्या वेळी गडचिरोली हा वेगळा जिल्हाही नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून निघाला. वनखात्याचा जुलूम, तेंदूपानाच्या ठेकेदाराने पिळलेली मजुरी आणि सावकाराने गिळलेली जमीन हे त्या काळचे खरे दुखणे होते. ते कोणी नाकारू नये. तेंदूपानाची मजुरी वाढली ती त्या चळवळीच्या दबावानेच, हेही नाकारू नये. तथापि ज्या आदिवासीच्या नावाने बंदूक उचलली गेली, तिचा नेम पुढे त्याच्याच छातीवर धरला गेला. गडचिरोली जिल्ह्यात नक्षलवाद्यांनी ठार केलेल्या सामान्य नागरिकांची संख्या पाचशेहून अधिक आहे. त्यांत पोलीस पाटील आहेत, सरपंच आहेत, शेतकरी आहेत. प्रेताशेजारी पत्रक टाकलेले असे आणि त्यावर एकच आरोप असे: पोलिसांचा खबऱ्या. त्या आरोपाला उत्तर देण्याची संधी नाही, पुरावा नाही, अपील नाही. फाशीची शिक्षा झालेल्या अट्टल गुन्हेगाराला या देशात राष्ट्रपतींपर्यंत दाद मागता येते. या शेतकऱ्याला आपल्या अंगणापलीकडे दाद नव्हती.

मेलेल्यांची निदान नोंद झाली. जे मेले नाहीत, निघून गेले, त्यांची नोंद कोठे आहे?

एक उदाहरण देतो. ते वर्तमानपत्रांतून सर्वांस ठाऊक झालेले आहे. २२ एप्रिल २०१८ रोजी भामरागड तालुक्यातील कसनासूरच्या जंगलात पोलिसांच्या सी-६० पथकाने नक्षलवाद्यांवर गोळीबार केला. त्या व लगतच्या चकमकीत मिळून ४० नक्षलवादी ठार झाले. आपल्या लोकांचा ठावठिकाणा गावकऱ्यांनीच पोलिसांना कळविला, असा नक्षलवाद्यांनी ग्रह करून घेतला. नऊ महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, त्यांनी गावातील माणसे पळवून नेली आणि तिघांना ठार केले. गावच्या लोकांनी मुलाबाळांसह घरे सोडली आणि ताडगावच्या पोलीस मदत केंद्राचा आश्रय घेतला. आता विचार करा. चकमक गावाने घडवून आणली नव्हती. ती गावाच्या रानात घडली, एवढाच गावाचा अपराध. पोलीस मदत केंद्राच्या आवारात बसलेला तो शेतकरी कोणाच्या बाजूचा? तो कोणाच्याच बाजूचा नाही. तो आपल्या धानाच्या बांधीचा आहे.

दोन सशस्त्र पक्षांच्या मध्ये उभ्या असलेल्या, कोणाचीही बाजू न घेणाऱ्या माणसाची कथा तुम्हास नवी नाही. अलीकडे ज्यांच्या घरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू झाले असेल, त्यांनी ती पहिल्याच खंडात वाचली असेल. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्यांनी कोलियांशी युद्ध पुकारण्याचे ठरविले, तेव्हा तरुण सिद्धार्थाने संघात उभे राहून विरोध केला. बहुमत त्याच्याविरुद्ध गेले. युद्धात सामील न होण्याचा परिणाम काय? देहदंड किंवा देशत्याग, आणि ते साधले नाही तर कुटुंबावर सामाजिक बहिष्कार व कुटुंबाच्या जमिनीची जप्ती. सिद्धार्थाने कुटुंबाला झळ पोहोचू नये म्हणून परिव्रज्या पत्करली. बाबासाहेबांनी गृहत्यागाची ही कारणमीमांसा मांडली, ती एका कायदेपंडिताने मांडलेली आहे. ती वाचताना माझे लक्ष प्रत्येक वेळी जमिनीच्या जप्तीपाशी थांबते. कारण शस्त्र न धरणाऱ्या माणसाला वाकविण्यासाठी त्याची जमीन धरावी लागते, हे सत्ता गाजविणाऱ्यास अडीच हजार वर्षांपूर्वीही कळत होते.

केवळ ज्यांच्या घरी खून झाला तीच कुटुंबे गाव सोडून गेली असे समजू नका. सी-६० पथकात आणि जिल्हा पोलीस दलात याच जिल्ह्यातील तरुण भरती झाले. मुलगा पोलिसात गेला की त्याच्या आईबापांना गावात राहणे कठीण होई. ती कुटुंबे तालुक्याच्या गावी खोल्या घेऊन राहिली. ज्याने दलम सोडून शरणागती पत्करली त्यालाही आपल्या गावी परतता येईना. शासनाने 'नक्षलगावबंदी'चा ठराव करणाऱ्या गावाला विकासनिधी देण्याची योजना काढली. हेतू चांगला असेल. पण ठराव करून अधिकारी मोटारीत बसून निघून जातो आणि ठरावावर सही करणारा रात्री त्याच गावात झोपतो, याचा हिशेब त्या योजनेत कोठे होता, ते मला दिसले नाही.

इंद्रावतीच्या पलीकडे तर याहून भयंकर घडले. २००५ च्या जून महिन्यात छत्तीसगडच्या तेव्हाच्या दंतेवाडा जिल्ह्यात सलवा जुडूम सुरू झाले. नक्षलवाद्यांविरुद्धची ही लोकांची उत्स्फूर्त चळवळ आहे, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात गावेच्या गावे रिकामी करून लोकांना रस्त्याकडेच्या छावण्यांत आणले गेले. छावण्यांतील लोकांची संख्या चाळीस हजारांच्या वर गेली. जे छावणीत आले नाहीत ते नक्षलवाद्यांचे ठरले. जे आले ते नक्षलवाद्यांच्या लेखी द्रोही ठरले. हजारो लोक राज्याची सीमा ओलांडून तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्याच्या जंगलात गेले. ५ जुलै २०११ रोजी नंदिनी सुंदर व इतरांच्या अर्जावर न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी आणि न्यायमूर्ती निज्जर यांनी निकाल दिला. अपुरे शिक्षण असलेल्या आदिवासी तरुणांच्या हाती विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदुका देणे घटनाबाह्य आहे, असे त्यांनी ठरविले. निकाल थोर आहे. पण खम्ममच्या जंगलात झोपडी बांधून राहिलेल्या माणसाला त्याने त्याची बांधी परत मिळवून दिली नाही. त्याने छत्तीसगडात अनुसूचित जमातीचा म्हणून जे मिळविले होते, तेही नदीबरोबर मागे राहिले. एका राज्याच्या यादीतील जमात दुसऱ्या राज्यात आपोआप तशी गणली जात नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० पासूनचा दंडक आहे.

आता कायद्याकडे वळू.

देशाची सीमा ओलांडून आलेल्यास जग निर्वासित म्हणते. त्याच्यासाठी १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारताने त्यावर सही केलेली नाही, हा भाग निराळा. जो सीमा न ओलांडता आपल्याच देशात परका झाला, त्याच्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९८ साली ३० मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. ती बंधनकारक नाहीत. आफ्रिकेतील राष्ट्रांनी २००९ साली कंपाला येथे असा बंधनकारक करार केला. आपल्या देशात बंदुकीमुळे बेघर झालेल्यासाठी सर्वसाधारण कायदा नाही. धरणामुळे उठविले तर कायदा आहे. कारखान्यासाठी जमीन घेतली तर २०१३ चा भूसंपादन व पुनर्वसनाचा कायदा आहे. नक्षली हिंसेत घरचा माणूस मारला गेला, किंवा कायमचा अपंग झाला, तर २००८ ची केंद्रीय योजना आहे. तिची रक्कम तीन लाखांवरून पाच लाख करण्यात आली. ज्याने बंदूक उचलली होती आणि खाली ठेवली, त्याच्यासाठी महाराष्ट्रात २००५ पासून आत्मसमर्पणाची योजना आहे आणि ती असावी, असेच माझे मत आहे. परंतु ज्याने बंदूक कधी उचललीच नाही, जो मेला नाही, लुळा झाला नाही, केवळ जीव वाचवून निघून आला, त्याचे नाव यांपैकी कोणत्याही कागदावर नाही.

असा कायदा होऊच शकत नाही काय? होऊ शकतो, आपल्या देशात झालेला आहे. १९९० साली काश्मिरी पंडित खोरे सोडून निघाले. त्यांच्या स्थावर मालमत्तेच्या रक्षणासाठी जम्मू-काश्मीर विधिमंडळाने १९९७ साली कायदा केला. जिल्हादंडाधिकारी हा त्या मालमत्तेचा रक्षक ठरला, परवानगीवाचून विक्रीस बंदी झाली, बेकायदा घुसलेल्यास बाहेर काढण्याची तरतूद झाली. सात वर्षे उशिरा आला आणि त्याची अंमलबजावणी ढिली झाली, तरी कायदा आला. मिझोराममधून १९९७ साली त्रिपुरात पळून आलेल्या ब्रू लोकांचा प्रश्न तेवीस वर्षे कुजला. १६ जानेवारी २०२० च्या कराराने सुमारे ३४ हजार लोकांना त्रिपुरातच घराचा भूखंड, चार लाखांची मुदत ठेव, दोन वर्षे दरमहा पाच हजार रुपये आणि मतदानाचा हक्क देण्याचे ठरले. असे कोणी म्हणेल की ते प्रश्न मोठे होते, तेथे लोक एकदम निघाले, येथे एकेक कुटुंब निघाले. होय, एकेक निघाले. म्हणूनच त्यांचा आवाज झाला नाही. पण एकेकट्याने निघालेल्याचा हक्क घोळक्याने निघालेल्यापेक्षा लहान असतो, असे घटनेच्या कोणत्या अनुच्छेदात लिहिले आहे? १९ व्या अनुच्छेदाने भारतात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. त्यात स्वतःच्या गावात राहण्याचा हक्कही आला.

येथे सरकारी वकील एक मुद्दा काढतो. मूलभूत हक्क सरकारविरुद्ध असतात. धमकी सरकारने दिली नव्हती, मग सरकार कसे जबाबदार? याचे उत्तर आपल्या धम्मबांधवांच्या खटल्याने दिलेले आहे. चितगावच्या डोंगरांतून १९६४ च्या सुमारास बेघर होऊन आलेले चकमा हे बौद्ध लोक अरुणाचल प्रदेशात वसविले गेले होते. तेथील विद्यार्थी संघटनेने त्यांना राज्य सोडून जाण्याची मुदत दिली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने ठरविले की, माणूस नागरिक असो वा नसो, त्याच्या जीविताचे रक्षण करणे राज्यावर बंधनकारक आहे आणि कोणत्याही गटाला दुसऱ्यास 'निघून जा' म्हणून धमकावू देता येणार नाही. जे चकमांना लागू, ते भामरागडच्या माडियाला, एटापल्लीच्या गोंडाला आणि त्याच गावाच्या कडेला राहणाऱ्या बौद्धालाही लागू आहे.

हक्क मोठ्या निकालांत जिंकले जातात आणि तलाठ्याच्या दप्तरात हरविले जातात. ते कसे हरवतात, हे नीट ध्यानी घ्या.

जमीन घ्या. गाव सोडले म्हणजे जमीन सोडली असे कायदा म्हणत नाही. महसूल संहितेप्रमाणे भोगवटादाराला जमीन सोडायची असेल तर तहसीलदारास लेखी सूचना द्यावी लागते. धमकीने रात्री पळालेल्याने अशी सूचना दिलेली नसते. म्हणून सातबारावर त्याचे नाव राहते. पण त्याच्या बांधीत दुसरा नांगर घालतो, पीकपाहणीत दुसऱ्याचे नाव येते, आणि मुदतीच्या कायद्यातील बारा वर्षे मोजली जाऊ लागतात. मालकाच्या विरोधात उघडपणे बारा वर्षे ताबा ठेवणारा मालकी सांगू लागतो. आदिवासीच्या जमिनीला महसूल संहितेच्या ३६ व ३६-अ या कलमांचे कवच आहे. जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून ती बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही. त्याच गावातील बौद्ध, ढीवर, लोहार यांना हे कवच नाही.

वनजमिनीचे प्रकरण अधिक अवघड आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात तीन तारखा आहेत असे समजा. १३ डिसेंबर २००५ पूर्वी ज्यांना बेकायदा हुसकावले किंवा विस्थापित केले आणि पुनर्वसन दिले नाही, त्यांना मूळ ठिकाणी, पर्यायी जमिनीसह, पुनर्वसनाचा हक्क कलम ३ च्या पोटकलम १ मधील 'एम' या खंडाने दिला आहे. ही एक बाजू. दुसऱ्या बाजूस, कायदा ३१ डिसेंबर २००७ रोजी अमलात आला आणि त्या दिवशी जी जमीन प्रत्यक्ष ताब्यात होती, तेवढ्याचाच पट्टा मिळतो. आता १३ डिसेंबर २००५ आणि ३१ डिसेंबर २००७ यांच्या मध्ये ज्याला घर सोडावे लागले, तो कोठे बसतो? पहिल्या तारखेस तो गावात होता म्हणून 'एम' खंड त्याला घेत नाही. दुसऱ्या तारखेस तो गावात नव्हता म्हणून पट्टा त्याला मिळत नाही. दोन वर्षे अठरा दिवसांची ही फट आहे, आणि सलवा जुडूमचा वणवा नेमका याच काळात पेटलेला होता. माझ्या मते संसदेने ही तारीख पुढे आणली पाहिजे. एका ओळीची दुरुस्ती आहे.

तिसरी तारीख बौद्ध कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावी. आदिवासी नसलेल्या वननिवासीस १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. १९३० सालचा कागद ज्या समाजाला गावाबाहेर ठेवले होते त्याने कोठून आणावा? तरीही एक गोष्ट अनुकूल आहे. ही ७५ वर्षे २००५ सालीच संपतात. २००९ किंवा २०१९ साली गाव सोडल्याने ती तुटत नाहीत. तुटली असे कोणी कारकून म्हणाला तर त्याच्याकडून तसे लिहून घ्या.

मताचेही तसेच. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट आहे की तात्पुरता बाहेर गेलेला माणूस केवळ त्या कारणाने रहिवासी नाहीसा होत नाही. गावच्या यादीतून नाव कमी झाले की ग्रामसभेतला हात गेला, आणि वनहक्काचे दावे पहिल्यांदा ग्रामसभेतच तपासले जातात.

जातीच्या दाखल्यापाशी मुलांचे अडते. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० रोजी आणि जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० रोजी कुटुंब कोठे राहत होते, ते पाहिले जाते. मूल गोंडपिपरीच्या शाळेत शिकते, पण पुरावा सिरोंचा किंवा एटापल्ली तालुक्यात आहे: आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जुना हक्कनोंदीचा उतारा. ते आणायला जाण्याची बापाची छाती होत नाही. कागदावरच्या एका शब्दाने किती पिढ्या अडतात, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. १९५६ साली आपल्या आजोबा-पणजोबांनी बौद्ध म्हणून नाव सांगितले आणि केंद्राच्या सवलतींचे दार त्यांच्यासाठी १९९० च्या दुरुस्तीपर्यंत, चौतीस वर्षे बंद राहिले. तेव्हा जो अन्याय नोंदवहीतून झाला, तो नोंदवहीतूनच दुरुस्त करून घ्यावा लागला.

हे सर्व आज सांगण्याचे कारण आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे खाली ठेवली. केंद्र सरकारने या हिंसेच्या अंतासाठी ३१ मार्च २०२६ ही तारीख जाहीर केली होती. बंदूक थांबते त्या दिवशी जमिनीचा भाव वाढतो. सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज २०१६ पासून निघू लागले. आष्टीच्या बाजूस कोनसरीला कारखाना उभा राहिला. ज्या बांध्यांकडे वीस वर्षे कोणी फिरकले नाही, त्यांचे उतारे आता काढले जातील. ज्याची जमीन आहे तो मात्र बल्लारपुरात विटा वाहत असेल, आणि त्याच्या वतीने बोलणारा गावात कोणी नसेल.

म्हणून तुम्हास काही कामे सांगतो. ती कठीण नाहीत. तुमच्या मोहल्ल्यात, भाड्याच्या खोलीत, वीटभट्टीवर असे कुटुंब असेल तर त्यास विचारा: कोणत्या गावचे, केव्हा निघालात, काय मागे राहिले. त्याच्याकडून एक अर्ज लिहून घ्या. मूळ तालुक्याच्या तहसीलदारास तो टपालाने, पोच घेऊन पाठवा. त्यात तीन वाक्ये पुरेत. आम्ही अमुक साली जिवाच्या भीतीने गाव सोडले. जमीन, घर व वनहक्क सोडलेले नाहीत. आमच्या गैरहजेरीत आमच्या नावाविरुद्ध कोणताही फेरफार आम्हांस नोटीस दिल्यावाचून करू नये. अर्जाने बारा वर्षांचे घड्याळ थांबते असे मी म्हणत नाही. ते दाव्यानेच थांबते. परंतु 'हा माणूस स्वखुशीने गेला' असे म्हणणाऱ्याच्या तोंडावर ठेवायला तो कागद होतो. दावा लावण्याची वेळ आली तर अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीस आणि प्रत्येक स्त्रीस विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. १९८७ च्या कायद्याने तो हक्क दिलेला आहे, उपकार म्हणून नव्हे.

एक खबरदारी घ्या. अर्जात कोणी धमकी दिली, कोणाचा कोणावर संशय होता, ही नावे लिहू नका. जमिनीसाठी त्यांची गरज नाही, आणि ज्याला परत जायचे आहे त्याला त्याच गावात त्याच माणसांच्या शेजारी राहायचे आहे. स्त्रियांचा अर्ज स्वतंत्र करा. नवरा मारला गेला असेल तर सातबारावर वारस म्हणून बायकोचे नाव लागले आहे की नाही, ते प्रथम पाहा. बहुतेकदा लागलेले नसते, कारण फेरफारासाठी गावी जाण्याचे तिला धैर्य झालेले नसते.

शाळा सुरू होण्यापूर्वी मुलांच्या दाखल्यांचे काम हाती घ्यावे. एटापल्ली, अहेरी, सिरोंचा येथे ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी सभा संपल्यावर आपली नावे माझ्याकडे द्यावीत. जुन्या शाळांचे दाखले व कोतवाल बुकाच्या नकला ज्यांच्या त्यांच्या सहीच्या अर्जावर आपण एकत्रच मागवू.